अफोन्सो दे अल्बुकर्क (युद्धनौका)

अफोन्सो दे अल्बुकर्क ही पोर्तुगीज आरमाराची तोफनौका होती. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवे जिंकणाऱ्या सेनानीचे नाव तिला दिलेले होते. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या लढाईत तीच सापडली.

तिचे जलावतरण २८ मे १९३४ रोजी इंग्लंडमध्ये झाले. दूरच्या वसाहतींत गस्त घालणे हे तिचे मुख्य काम असून तिच्यावर १२० मिमीच्या चार तोफा होत्या. सप्टेंबर १९३६ मध्ये लिस्बन येथे तिच्या खलाशांनी सालाझार राजवटीविरुद्ध बंड केले. ते किनाऱ्यावरील तोफांनी मोडून काढले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने दक्षिण आफ्रिकेजवळ 'नोव्हा स्कोशिया' हे ब्रिटिश जहाज बुडवले, तेव्हा तिने दीडशेहून अधिक माणसांना समुद्रातून वाचवले. त्यांत इटालियन कैद्यांचा भरणा होता. तिच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोलाची कामगिरी होय.

१८ डिसेंबर १९६१ रोजी, 'ऑपरेशन विजय'च्या वेळी, ती मुरगाव बंदरासमोर नांगरलेली होती. भारतीय नौदलाच्या 'बेतवा' व 'बियास' या फ्रिगेट तिच्यावर चालून आल्या. शरणागती पत्करू नये, असा सालाझारचा गोव्यातील सैन्याला आदेश होता. तिने प्रत्युत्तर दिले खरे; परंतु जवळजवळ पाव शतकाने नव्या असलेल्या नौकांपुढे ती टिकणे शक्य नव्हते. कप्तान अंतोनियो दा कुन्या अरागांव गंभीर जखमी झाले. अखेर नौका बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवून खलाशांनी ती सोडली. दुसऱ्या दिवशी गोव्यातील पोर्तुगीज सैन्य शरण आले. पुढे तिला ओढत मुंबईस नेऊन भंगारात विकण्यात आले.