दोलेआंस : राजानें मागविलेलीं गाऱ्हाणीं



फ्रेंच भाषेंत ‘दोलेआंस’ असा एक भारदस्त शब्द आहे. घरगुती बोलण्यांत तो क्वचितच येतो; सरकारदरबारीं मांडावयाच्या गाऱ्हाण्याला तो शोभतो, आणि बहुधा अनेकवचनींच योजतात. त्याचें मूळ दुखणें या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. शोकप्रसंगीं फ्रेंच मनुष्य समवेदना कळवितांना जो ‘कोंदोलेआंस’ शब्द वापरतो, तो याचाच भाऊबंद. आपला ‘तक्रार’ शब्द मूळचा अरबी, आणि तेथें त्याचा अर्थ पुनरावृत्ति! दोलेआंसला आपलें ‘गाऱ्हाणें’च अधिक जवळचें, कारण गाऱ्हाणें घालावयास समोर कोणी वडील लागतो.

१७८९ मध्यें तो वडील होता सोळावा लुई. खजिना रिता झाल्यामुळें त्यानें पाद्री, सरदार व सामान्य या तिन्ही वर्गांची सभा १६१४ नंतर प्रथमच बोलाविली, आणि जुन्या रिवाजाप्रमाणें गांवोगांवचीं गाऱ्हाणीं लिहून मागविलीं. करदात्यांच्या यादींतील २५ वर्षांवरील पुरुष बहुधा गांवच्या चर्चमध्येंच जमले. सुमारें ६०,००० वह्या भरल्या. वहीला तेथें ‘काये’ म्हणतात. शाळकरी पोराच्या वहीलाही तोच शब्द. कांहीं वह्यांतील मजकूर शहराकडून आलेल्या नमुन्यांवरून उतरून काढलेला आहे. जन्मभर वह्या तपासलेल्या माझ्यासारख्याला याचें नवल वाटत नाहीं. पण पुष्कळ ठिकाणीं खरें दुखणें उमटलें आहे. मिठावरील ‘गाबेल’ नांवाचा कर जाचतो. जमीनदाराचीं कबुतरें पेरलेलें धान्य टिपतात, ससे उभें पीक खातात, आणि शेतकऱ्याला त्यांना मारण्याची मनाई!

या वह्यांचा जिल्ह्याच्या ठिकाणीं गोषवारा करतांना वकील मंडळींनीं राज्यघटनेचे प्रश्न पुढें घेतले. कबुतरें मागें पडलीं. ५ मे रोजीं सभा भरली, आणि १७ जूनला तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनीं स्वतःस राष्ट्रसभा म्हणवून घेतलें. आतां विनवणी उरली नव्हती. ४ ऑगस्टच्या रात्रीं त्या सभेनेंच जमीनदारांचे शिकारीचे व कबुतरखान्यांचे हक्क काढून घेण्याचें ठरविलें. गाबेल १७९० मध्यें गेला. माझ्या मतें लुईची चूक गाऱ्हाणीं मागविण्यांत नव्हती. दुखणें विचारतांना त्यानें औषधाची तयारी ठेवली नाहीं.

पुढें राजेपण गेलें, शब्द राहिला. २०१८ च्या अखेरीस इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळीं जाकिटें घालून लोक रस्त्यावर आले, तेव्हां अनेक नगराध्यक्षांनीं आपल्या कचेऱ्यांत कोऱ्या वह्या ठेवल्या. त्यांनाही ‘दोलेआंस’च्या वह्या हेंच नांव पडलें. लोकांनीं त्या भरल्या, आणि नंतर त्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत जाऊन पडल्या.