नाणेघाट : राजधानी सोडून घाटमाथ्यावर कोरलेला लेख

१/९
मुरबाडहून माळशेजच्या दिशेने जाताना सह्याद्रीच्या कड्यावर अंगठ्यासारखा एक सुळका दिसतो. हा 'नानाचा अंगठा'. त्याच्या कुशीतून दाट रानातली, दगडगोट्यांची खडी वाट वर चढते. ही वाट म्हणजे नाणेघाट. बहुतेक जण अंगठ्यावरून कोकण न्याहाळण्यासाठी ती चढतात. या धाग्यात मात्र वाटेतच भेटणाऱ्या एका भिंतीविषयी.

२/९
ही वाट मुळात व्यापाऱ्यांची. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे. वर जुन्नर आणि पुढे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण, सोपारा आणि पैठण या तिन्हींचा उल्लेख आहे. समुद्र आणि पठार यांच्यामध्ये उभा होता तो हा कडा.

३/९
चढ संपत आला की एक लेणे लागते. ही चैत्य किंवा विहार अशी धार्मिक वास्तू नव्हे. मागील भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, देवी नागनिका, महारठी त्रणकयिर... आज उरली आहेत ती वर कोरलेली नावे आणि पावलांच्या खुणा.

४/९
दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दीर्घ लेख आहे. तो खंडित असला, तरी बहुतेक अभ्यासक तो राणी नागनिकेचा आणि साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन; पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची व दक्षिणांची नोंद.

५/९
दक्षिणांचे आकडे पाहा : एका यज्ञात १,७०० गायी आणि १० हत्ती. हे आकडे अंकचिन्हांत कोरले आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासातही या भिंतीला मान आहे. येथे शून्य नाही. हजाराला स्वतंत्र चिन्ह आणि शंभराच्या चिन्हाला सातचा अंक जोडून सातशे, अशी ही पद्धत.

६/९
आता घळीतून माथ्यावर या. तेथे दगडी रांजण आहे. व्यापारी यात जकातीची नाणी टाकत, असे परंपरा सांगते. घाटाच्या नावाची उकलही अशीच केली जाते. ही कथा शक्यतेच्या कक्षेतली आहे. मात्र रांजणावर तसे सांगणारा लेख नाही आणि लेण्यातील उपलब्ध मजकूर जकातीविषयी बोलत नाही. परंपरा आणि पुरावा यांतील हे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने जपायला हवे.

७/९
मग प्रश्न उरतो : एवढा वैभवाचा लेख प्रतिष्ठान नगरीत न कोरता या रानात का कोरला? उत्तर जागेतच शोधावे लागते. कोकणातून येणारा प्रत्येक तांडा येथे दमून थांबणार. पाठीवर ओझे, समोर राजघराण्याच्या प्रतिमा. ही वाट कोणाच्या सत्तेखाली आहे, हे त्याला निराळे सांगावे लागत नसे.

८/९
लेख काय दिले ते सांगतो. देणाऱ्याकडे ते कोठून आले, हे सांगत नाही. पण हजारो गायींचे दान करणाऱ्या सत्तेला व्यापारी वाटेचे मोल ठाऊक होते, एवढे ही जागा सुचवते. नंतरच्या काळातही जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे दुर्ग याच परिसरावर पहारा देत राहिले. शिलालेख वाचताना 'काय लिहिले' इतकेच 'कोठे लिहिले' हेही महत्त्वाचे, ते यासाठी.

९/९
नाणेघाटाला जाल तेव्हा शक्य झाल्यास कोकणातूनच चढा, म्हणजे लेणे त्या तांड्यांना दिसे त्याच क्रमाने दिसेल. भिंतीला हात लावू नका, अक्षरांवर खडू फिरवू नका, नाव तर मुळीच कोरू नका. प्रतिमा गेल्या, त्या कोणाच्या होत्या हे आपल्याला कळते ते केवळ माथ्यावरची अक्षरे शाबूत राहिली म्हणून. तीही झिजली, तर उरेल तो फक्त एक सुंदर देखावा.