वहीतला तिसरा रकाना

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवर नवी वही मांडतात. तीत जमेचा रकाना असतो, खर्चाचा असतो. पण एक गोष्ट पत्करताना दुसरी कोणती हातची गेली, हे लिहायला रकाना नसतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याने शिकतो, तो हा तिसरा रकाना भरायला. लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून हे शास्त्र १८४९ सालीच मराठी वाचकांपुढे ठेवले. आम्हां वऱ्हाडकरांना मात्र त्याचे धडे पुस्तकापेक्षा कापसानेच अधिक दिले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. माल थोडा, मागणारे फार, भाव कडाडले. शेगावच्या काळ्या रानातल्या कुणब्याने अमेरिका नकाशावरही पाहिली नसेल, पण तिथल्या तोफा त्याच्या पऱ्हाटीचा भाव ठरवू लागल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत शेअरांच्या सट्ट्यात गुंतलेल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

वऱ्हाडातून मात्र कापूस हटला नाही. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. शेगाव त्याच वाटेवरचे स्टेशन. १८७० साली जलंबहून खामगावचा फाटा निघाला. बैलगाडीच्या वाहतुकीचा खर्च वाचला, तेव्हा उतरलेल्या भावातही कापूस परवडू लागला.

आता तिसरा रकाना पाहू. ज्या वावरात पऱ्हाटी, तिथे त्या साली ज्वारी नाही. म्हणजे पेवात धान्य नाही आणि बैलांना कडबा नाही. कापूस विकून ज्वारी घेणारा शेतकरी काही खुळा नव्हता. चांगल्या साली त्याच्या गाठीला चार पैसे उरतही. पण पेवातली ज्वारी भाव सांगत नाही, बाजारातली सांगते.

१८९९ साली पाऊस दगा देऊन गेला. कापूस गेला, ज्वारीही गेली. रेल्वेने परमुलखातले धान्य आणता येत होते. परंतु ज्याची निंदणी-वेचणीची मजुरीच बुडाली, त्याने ते घ्यावे कशाने? दुष्काळात धान्यापेक्षा कामाचाच तुटवडा अधिक असतो, हे १८८० सालच्या दुष्काळ कमिशनने ओळखले होते. अर्थशास्त्रात ‘मागणी’ म्हणजे नुसती गरज नव्हे. गरजेसोबत पदरी पैसाही लागतो. रिकाम्या हाताची भूक बाजाराला ऐकू येत नाही. हा धडा वऱ्हाडाला फार महाग पडला.

१८७८ साली श्रीगजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, ते टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे भाविक सांगतात. लोकांनी ज्याचा हिशेब सोडून दिला होता, त्याचे मोल त्या हातांना ठाऊक होते.

पऱ्हाटी लावावी की ज्वारी, हे अर्थशास्त्र सांगत नाही. जे लावले त्याच्यापायी काय सोडले, ते विसरू नका, एवढेच ते बजावते. यंदा वहीपूजन कराल, तेव्हा वाचकहो, त्या न आखलेल्या रकान्यालाही हळदकुंकवाचे एक बोट लावा.