खुर्ची गेल्यावरचा शब्द

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी गेले. पॅलेस्टाईनबद्दल ते स्पष्ट बोलले, म्हणून मुस्लिम जगात त्यांच्याविषयी आदर आहे. तो रास्तच आहे. पण हा माणूस स्पष्ट कधी बोलला, हेही पाहिले पाहिजे.

३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानच्या मेजवानीत कार्टर यांनी शहांची तोंडभरून स्तुती केली. अशांत टापूतले स्थैर्याचे बेट, असे इराणचे वर्णन केले. शहांचे गुप्त पोलीस तुरुंगांत काय करत होते, हे जगाला ठाऊक होते. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या अध्यक्षाला त्या रात्री ते आठवले नाही. जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून गेले. (त्याच दौऱ्यात दिल्लीत, मोरारजी देसाईंना खरमरीत पत्र लिहू, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हळूच सांगत होते. माइक चालू होता!)

पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला सादात आणि बेगीन यांना तेरा दिवस बसवून त्यांनी समझोता घडवला. इजिप्तला सिनाई परत मिळाले. पॅलेस्टिनींच्या वाट्याला स्वायत्ततेचे आश्वासन आले, आणि त्या वाटाघाटींत त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

खरा परखडपणा आला २००६ मध्ये, ‘पॅलेस्टाईन: पीस नॉट अपार्थाइड’ या पुस्तकात. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीचे नाव त्यांनी थेट शीर्षकात घातले. हा शब्द इस्रायलच्या आतल्या कारभाराला नव्हे, तर व्याप्त प्रदेशातल्या स्थितीला लावला आहे आणि तिचे मूळ वंशद्वेषात नसून जमिनीच्या हव्यासात आहे, असा खुलासाही केला. उपयोग झाला नाही. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांनी हात झटकले. कार्टर सेंटरच्या सल्लागार मंडळातल्या चौदा जणांनी राजीनामे दिले. ज्यू समाजाने उभारलेल्या ब्रँडाइस विद्यापीठात जाऊन त्यांनी प्रश्नांना तोंड दिले. आत्मघाती हल्ल्यांविषयीचे एक वाक्य चुकले, हे तिथे कबूल केले. शीर्षक मात्र मागे घेतले नाही.

सत्तेवर असताना हे बोलले असते तर, असे वाटतेच. पण बाकीचे माजी अध्यक्ष तर खुर्ची गेल्यावरही बोलले नाहीत.

२०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने आणि २०२२ मध्ये अ‍ॅम्नेस्टीने आपापल्या अहवालांत तोच शब्द वापरला. कार्टर तेव्हा ९७ वर्षांचे होते.