इंटरनेट खंडित होते तेव्हा दोष नेमका कोठे?

घरातील इंटरनेट पूर्णपणे बंद पडले, तर उपाय तुलनेने सोपा असतो. तक्रार नोंदविली जाते, लाइनमन येतो, तुटलेली तार सांधली जाते. खरी डोकेदुखी असते ती मध्येच जाणाऱ्या आणि मध्येच येणाऱ्या जोडणीची. ऐन व्हिडिओ बैठकीत किंवा मुलांच्या ऑनलाइन परीक्षेत पडद्यावरील चित्र गोठते. तंत्रज्ञ घरी आला की मात्र सारे सुरळीत चालते. ‘आमच्याकडून सगळे ओके आहे’ असे सांगून तो निघून जातो. मग अनेक ग्राहक नवा राउटर विकत घेतात किंवा अधिक वेगाची योजना स्वीकारतात. पैसे खर्च होतात आणि दोष जागच्या जागीच राहतो.

इंटरनेट घरापर्यंत पोहोचते ते तीन टप्प्यांत. कंपनीच्या केंद्रापासून इमारतीतील पेटीपर्यंत आणि तेथून घरातील फायबरच्या डब्यापर्यंत येणारी तार हा पहिला टप्पा, राउटर व त्याचा वीजपुरवठा हा दुसरा आणि राउटरपासून मोबाइल वा संगणकापर्यंतचा बिनतारी प्रवास हा तिसरा. बोलीभाषेत या तिन्हींना सरसकट ‘वाय-फाय गेले’ असेच म्हटले जाते आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

दोषाचा टप्पा ओळखण्याची चाचणी फुकट आहे. संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत ‘पिंग’ या आज्ञेपुढे राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला आढळतो. दुसरीत ८.८.८.८ हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा. विंडोजमध्ये ही आज्ञा चार वेळा चालून थांबते. शेवटी वजा चिन्ह आणि इंग्रजी ‘टी’ हे अक्षर जोडले, की ती अखंड चालू राहते. इंटरनेट अडखळले की दोन्ही खिडक्यांकडे पाहावे. राउटरकडूनच उत्तर येत नसेल, तर दोष घरात आहे. कंपनीला दूरध्वनी करून उपयोग नाही. राउटर तत्परतेने उत्तर देतो, पण बाहेरचे उत्तर हरवते, अशी स्थिती असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही उत्तरे नियमित येऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा अडलेली असते. राउटरमध्ये डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता भरल्यास हा प्रश्न सुटू शकतो. शक्य असल्यास हीच चाचणी लॅनची तार थेट राउटरला जोडून पुन्हा करावी. तारेवर सारे ठीक चालले, तर दोष बिनतारी टप्प्यातच आहे हे पक्के होते.

शहरी सदनिकांत हा बिनतारी टप्पाच सर्वाधिक छळतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या केवळ तीन आहेत : १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार घरे आणि वर-खाली तेवढीच, म्हणजे डझनभर राउटर याच तीन वाहिन्यांसाठी झगडतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत जेवणाच्या वेळीच जोडणी का तुटते, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पुष्कळ मोकळा आहे, मात्र त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर नमतात. म्हणून राउटर घराच्या मध्यावर आणि उंचीवर असावा. प्रत्यक्षात तो तार घरात शिरते त्या दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा लाकडी कपाटात कोंबलेला आढळतो आणि तेथे तापतोही.

वीजपुरवठ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जुना अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्डावरील सैल प्लग राउटरला क्षणभर उपाशी ठेवतो आणि तो नव्याने सुरू होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो किती वेळ अखंड सुरू आहे, हे बहुधा पाहता येते. सकाळपासून सुरू असलेला राउटर ‘दहा मिनिटे’ दाखवत असेल, तर दोष लाइनचा नसून विजेचा किंवा उपकरणाचा असण्याची शक्यता अधिक.

बाहेरच्या तारेचे दोष वेगळे. तांब्याच्या जुन्या लाइनवर पावसाळ्यात जोडांमध्ये पाणी शिरते. फायबरला पाण्याचे तेवढे भय नाही. त्याला तीव्र वळण आणि अस्वच्छ कनेक्टर सोसत नाही. दाराच्या फटीत दबलेली किंवा खिळ्याभोवती गुंडाळलेली फायबर चालू राहते, पण अडखळत. डब्यावरील ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचतच नाही असे समजावे. तंत्रज्ञाला येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगावे. प्रचलित जीपॉन जोडणीत ती साधारणतः ऋण ८ ते ऋण २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावी. ऋण २६ सारखा आकडा नियमात बसतो खरा. पण ती काठावरची लाइन होय.

एक प्रकार मात्र दोषासारखा भासतो, पण दोष नसतो. मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप वर चढू लागली, की पाठविण्याची वाट तुंबते आणि शेजारच्या खोलीतील व्हिडिओ कॉल तुटतो. ही प्रत रात्री काढली जाईल अशी योजना करावी किंवा राउटरमध्ये क्यूओएसची सोय असल्यास कॉलला अग्रक्रम द्यावा.

दोष बाहेरचा ठरला, तर चार-पाच दिवस तारीख, वेळ, खंडित काळ आणि दिव्यांचा रंग यांची नोंद ठेवावी. रोज रात्रीच जोडणी मंदावत असेल, तर परिसरातील वाढता भार हे कारण संभवते आणि ते फक्त कंपनीच दूर करू शकते. तक्रारीचा डॉकेट क्रमांक जरूर घ्यावा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. मात्र २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीकडे अपिलीय प्राधिकरण असते आणि समाधान न झाल्यास ग्राहकाला तेथे दाद मागता येते. ग्राहक मंचाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तेथे चालू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. या दोन्ही ठिकाणी डॉकेट क्रमांक आणि वेळांची ती नोंदच कामी येते.