ओरखडा पडला म्हणून घड्याळ कपाटात?

ज्यांना ऐकायला सवड नसते त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

मागच्या आठवड्यात गोंदियाहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. घरची धानाची मिल आहे. तीन वर्षं पैसे साठवून त्यानं एक स्विस घड्याळ घेतलं. आठ दिवस मागच्या झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. नवव्या दिवशी मिलच्या लोखंडी दाराला हात घासला आणि घड्याळाच्या कडेवर केसाएवढा ओरखडा पडला. "दादा, रात्रभर झोप नाही आली. आता घडी कपाटातच ठेवतो. बरोबर आहे ना?"

हसू नका. तीन वर्षांची बचत आहे ती. आणि ही भीती नवीन नाही. घड्याळ खिशात आलं तेव्हापासून माणूस त्याला जपतोय. पण लोकांनी ते जपलं कसं आणि कशासाठी, हे बघितलं की उत्तर आपोआप सापडतं.

खिशातल्या घड्याळाची नाजूक जागा म्हणजे काच. म्हणून त्यावर धातूचं झाकण आलं. बटण दाबा, झाकण उघडेल, वेळ बघा, टक्कन बंद करा. या प्रकाराला 'हंटर' म्हणतात, कारण घोड्यावरून शिकार करणाऱ्यांना ते सोयीचं होतं. पुढे कोणाला तरी वाटलं, दर वेळी झाकण कशाला उघडायचं? मग झाकणाच्या मधोमध छोटी खिडकी ठेवली. ते झालं 'हाफ-हंटर'. बघा, झाकण आलं ते घड्याळ घोड्यावर नेता यावं म्हणून. घरी ठेवायचं असतं तर झाकणाची गरजच नव्हती.

आता आपल्या गोंदियाकडे या. जिल्हा म्हणून गोंदिया 1999 चा, भंडाऱ्यातून वेगळा झालेला. पण गाव वाढलं रेल्वेमुळे. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज लाइन गेली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि 1891 मध्ये नागपूर थेट आसनसोलला जोडलं गेलं. पुढे 1903 ते 1905 च्या सुमारास गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला छोटी लाइन गेली. गोंदिया जंक्शन झालं.

जंक्शन म्हणजे वेळेचा खेळ. एकेरी रुळावर समोरासमोरच्या गाड्या कुठल्या स्टेशनात एकमेकींना ओलांडणार, हे वेळापत्रकावर चालायचं. त्यामुळे गार्डाच्या खिशातलं घड्याळ हा दागिना नव्हता, हत्यार होतं. कोळशाची राख, वाफ, तेलकट हात, उन्हाळ्यात 45 अंशांचा झाडीपट्टीतला ताप, हे सगळं त्या घड्याळानं सोसायचं. झिजतं म्हणून घड्याळ घरी ठेवून ड्यूटीवर गेलेला गार्ड कल्पून बघा! साखळी होती ती पडू नये म्हणून, आणि झाकण होतं ते फुटू नये म्हणून. ओरखड्याची फिकीर करायला कोणाला सवड होती?

ही घड्याळं आपल्याकडे यायची ती बहुतेक मुंबईमार्गे. फावर-ल्यूबा ही स्विस कंपनी 1865 मध्येच मुंबईत आली होती. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं फौजेत आणि रेल्वेत चालायची. तिच्या एका गाजलेल्या घड्याळाचं नाव 'सोवार', म्हणजे आपला 'स्वार'. पहिल्या महायुद्धात घड्याळ खिशातून मनगटावर आलं, कारण खंदकात एक हात बंदुकीवर असताना खिशात हात कोण घालणार? तेव्हा काचेवर धातूची जाळी बसवायचे. जाळीतून वेळ दिसायची आणि दगडाचा मार जाळीवर जायचा.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट, जी थेट भारताशी जोडलेली आहे. 1930 च्या सुमारास सेझार द त्रे नावाचा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता. इथले इंग्रज अधिकारी पोलो खेळायचे आणि काठीच्या, चेंडूच्या फटक्यानं त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. यावर काहीतरी करा, असं त्याला सांगण्यात आलं. त्यातून 1931 मध्ये 'रेव्हर्सो' हे घड्याळ जन्माला आलं. चौकोनी तबकडी पट्ट्यावरच सरकवायची, उलटी करायची, की काच आत आणि धातूची पाठ वर. खेळा बिनधास्त! आज हे घड्याळ लाखोंच्या घरात जातं. पण त्याचा सगळा डौल ज्या पाठीमुळे आहे, ती पाठ मुळात मार खाण्यासाठीच बनवलेली होती. खेळताना घड्याळ काढून ठेवा, असा सल्ला त्यांना कोणीही देऊ शकला असता. त्यांना तो नको होता.

आता थोडं शास्त्र. 1812 मध्ये फ्रीडरिश मोह्स यांनी खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी मोजपट्टी मांडली. ज्याचा आकडा मोठा तो लहान आकड्याच्या वस्तूवर ओरखडा काढतो. वैनगंगेच्या वाळूतला क्वार्ट्झ 7 वर. घड्याळाचं स्टील साधारण साडेपाचच्या आसपास. महागड्या घड्याळांची काच असते कृत्रिम नीलमाची, ती 9 वर. असा नीलम बनवायची रीत ऑग्यूस्त व्हर्नय यांनी 1902 मध्ये जगासमोर ठेवली. म्हणजे आपल्या श्रोत्याची काच वाळूला भिणार नाही, पण स्टीलवर धूळसुद्धा रेघ ओढेल.

त्यात हा गडी मिलवाला! धानाच्या तुसात भरपूर सिलिका असते. तूस जाळलं की उरणारी राख बहुतांशी सिलिकाच. मिलमधले रबरी रोलर याच तुसानं झिजतात आणि बदलावे लागतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जिथं रोलर झिजतो, तिथं घड्याळ कोरं कसं राहील भाऊ?

मग कपाट हाच उपाय का? इथं माझ्या घरची गोष्ट सांगतो.

माझ्या आजोबांकडे दोन घड्याळं होती. एक एचएमटीचं 'जनता'. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 मध्ये बंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनू लागली. 'जनता' हे त्यातलं चावीचं, 17 ज्वेलचं, साधं घड्याळ. आजोबांनी ते रोज घातलं. शेतावर, बाजारात, मयतीला, लग्नाला. दुसरं होतं निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, सोनेरी मुलाम्याचं. ते गोदरेजच्या कपाटात, मखमली डबीत. "चांगल्या दिवसाले घालीन," म्हणायचे. तो दिवस आला नाही. आजोबा गेल्यावर डबी उघडली, तर घड्याळ नव्यासारखं लखलखत होतं, चामडी पट्टा हातात भुगा झाला आणि काटे हलेनात.

दोन्ही घेऊन मी घडीसाजाकडे गेलो. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "भाऊ, या सोन्याच्या घडीले काही नाही झालं. तेल वाळलं. घातली नाही, दाखवली नाही, कोणाले समजलंच नाही." 'जनता' मात्र चालू होतं. दर काही वर्षांनी ते उघडून, धुऊन, तेल दिलं गेलं होतं, कारण ते थोडं जरी मागे पडलं तर आजोबांना लगेच कळायचं. त्याची अ‍ॅक्रिलिकची काच धुरकट झाली होती. घडीसाजानं टूथपेस्ट लावून फडक्यानं घासली, पाच मिनिटांत साफ.

वेळेनं होणारी झीज कपाटात थांबत नाही. तेल तिथंही वाळतं, रबराचा वॉशर तिथंही कडक होतो. बॅटरीचं घड्याळ असेल तर सेल तिथंच पाझरतो. थांबतं ते फक्त वापरणं.

तर गोंदियाच्या मित्रा, घड्याळ घाल. प्लॅस्टिक काढ, त्याखाली घाम साचतो. मिलमधून आलास की आधी ओल्या फडक्यानं धूळ टिपून घे, कोरडं घासू नको. दर ओरखड्याला पॉलिश करायला धावू नको, कारण पॉलिश म्हणजे धातू खरवडणंच आहे, आणि कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग कर. आणि पोती उचलायची असतील तेव्हा खुशाल काढून ठेव. तेवढं जपणं शहाणपणाचंच. फक्त काम संपलं की परत मनगटावर चढव.

आजोबांचं सोनेरी घड्याळ मी तेल घालून घेतलं. सध्या तेच हातात आहे. परवा एसटीच्या दांडीला घासलं आणि त्यावर पहिला ओरखडा पडला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ज्या चांगल्या दिवसासाठी आजोबा थांबले होते, तो माझा एक साधा मंगळवार होता.

भेटू पुढच्या भागात. तुमच्याही कपाटात असं काही पडून असेल तर नक्की कळवा.