तुर्कस्तानचं ‘हो, पण...’

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपण चर्चिल, हिटलर, स्टॅलिन यांच्यावर तासन् तास बोलतो. मला मात्र हल्ली इस्मेत इनोनू हा माणूस भारी वाटायला लागलाय. तुर्कस्तानचा राष्ट्राध्यक्ष, कानाने अधू. १९२३ च्या लोझानच्या वाटाघाटींत नको ते बोलणं त्याला नेमकं ऐकू यायचं नाही म्हणे!

या गृहस्थाने १९३९ मध्ये ब्रिटन-फ्रान्सशी करार केला आणि जून १९४१ मध्ये जर्मनीशी अनाक्रमणाचा. युद्धात मात्र उतरला नाही. जानेवारी १९४३ मध्ये खुद्द चर्चिल अदानाजवळ येऊन त्याला रेल्वेच्या डब्यात भेटला. डिसेंबरात कैरोला रूझवेल्टही जोडीला होता. इनोनूचं म्हणणं एकच: तत्त्वतः हो, पण आधी शस्त्रं द्या. आणि शस्त्रांची यादी ही भलीमोठी!

कुणी याला भित्रेपणा म्हणेल. पण १९१४ मध्ये ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आणि त्यातच संपलं. इनोनू स्वतः त्या युद्धात लढला होता. युद्धाची किंमत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अर्थात ही तटस्थता काही सोवळी नव्हती. जर्मनीच्या पोलादासाठी लागणारं क्रोम तुर्कस्तान विकत होता. ते बंद झालं एप्रिल १९४४ मध्ये, तेही दोस्तांनी दम भरल्यावर.

मग याल्टात ठरलं, की १ मार्च १९४५ पर्यंत जो युद्ध पुकारेल त्यालाच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेचं आमंत्रण. तुर्कस्तानने २३ फेब्रुवारीला युद्ध पुकारलं! ‘संयुक्त राष्ट्रं’ हे तेव्हा दोस्तांच्या आघाडीचंच नाव होतं. त्या आघाडीत इनोनू शिरला तो युद्ध संपता संपता.

आता आपल्याकडे बघा. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोने कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढलं. जानेवारी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर भारताचीही सही आहे. सैन्यात माणसं किती गेली? तब्बल २५ लाख.

एप्रिल १९४५ मध्ये दोन्ही देश सॅन फ्रान्सिस्कोला होते. एकाला ‘हो’ म्हणायला साडेपाच वर्षं मिळाली. दुसऱ्याला विचारलंच नव्हतं. स्वातंत्र्य म्हणजे काय, याचं इतकं सोपं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.